भुयारी गटाराचं मॉडेल: इन्व्हर्ट कोणाच्या ताब्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नगरपरिषदेच्या भुयारी गटार योजनेतला सुमारे ४ किलोमीटरचा एक झोन सिव्हिल थ्रीडी या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काढला. पाइपचा व्यास बदलला की लेव्हल सरकतात. शेवटच्या मॅनहोलची खोली ६ मीटरच्या वर जाते. हायड्रॉलिक डिझाइनच्या एक्सेलमधले इन्व्हर्ट (पाइपच्या आतल्या तळाच्या लेव्हल) आणि एल-सेक्शनवरचे, म्हणजे लाइनच्या लांबीने काढलेल्या उभ्या छेदावरचे, इन्व्हर्ट जुळत नाहीत. वरिष्ठ म्हणतात, सगळं पुसून नव्याने काढा. काढू का?

पुसू नका. नव्याने काढलंत तरी चार दिवसांत याच जागी येऊन थांबाल, कारण दोष रेषांमध्ये नाही. तुमच्या फाइलमध्ये इन्व्हर्ट लेव्हलला एकाच वेळी तीन मालक आहेत: पार्ट्स लिस्टला (मॉडेलमधल्या पाइप-मॅनहोलच्या यादीला) लावलेले नियम, तुमचं एक्सेल, आणि प्रोफाइलमध्ये (एल-सेक्शनच्या दृश्यात) ग्रिप, म्हणजे पाइपवरचा ओढायचा ठिपका, पकडून पाइप ओढणारे तुम्ही. एकाने लावलेली लेव्हल दुसरा पुसतो आणि कोणाचा हात शेवटचा लागला ते आठवड्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. गटारात इन्व्हर्ट हाच मूळ आकडा. साइटवर पाइप बसवणारा मिस्त्री त्याच आकड्याने लेझर लावतो. खोली, कव्हर (पाइपवरचा मातीचा थर), खोदाई, मॅनहोलचा आकार हे सगळं त्यातून निघतं. त्या आकड्याचा मालक एकच असला पाहिजे.

माझी पद्धत सांगतो. अगदी सुरुवातीच्या आराखड्यात कव्हर आणि स्लोपचे नियम चालू ठेवतो. जाळं कुठे खोल जातंय, कुठे उलट्या ढाळाला अडतंय याचा अंदाज त्यातून एका दुपारीत मिळतो. नियमांचं काम तिथे संपलं. मग मालकी हायड्रॉलिक शीटकडे देतो. ती एक्सेलमध्ये असो, सेवरजेम्स या गटार डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असो की फुकट मिळणाऱ्या एसडब्ल्यूएमएममध्ये. सिव्हिल थ्रीडीत एकही नियम नसलेला रिकामा नियमसंच तयार करून सगळ्या पाइपना आणि मॅनहोलना लावतो. यापुढे सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने काही हलवणार नाही. शीटमधले इन्व्हर्ट नेटवर्कच्या व्हिस्टामध्ये (सगळ्या पाइपच्या आकड्यांच्या तक्त्यात) भरायचे. जागेवर एखाद्या नाल्याची मोरी आडवी आली आणि लेव्हल बदलावी लागली, तर आधी शीटमध्ये बदल, मग मॉडेलमध्ये. ग्रिप ओढणं पूर्ण बंद. दोन्हीकडे मॅनहोलचे नंबर तंतोतंत सारखे हवेत, नाहीतर पडताळणी होतच नाही. रिनेम पार्ट्सची कमांड त्यासाठीच आहे. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते काम संपल्यावर नाही, सुरू करतानाच करून टाका.

आता व्यास बदलल्यावर लेव्हल सरकण्याचं. २०० चा पाइप ३०० केला आणि मध्यरेषा जागच्या जागी राहिली, तर त्रिज्या १०० वरून १५० झाली म्हणून आतला तळ ५० मिलिमीटर खाली जातो. १:२०० च्या ढाळावर ५० मिलिमीटर म्हणजे १० मीटर लांबीचा उतार. पाइपच्या प्रॉपर्टीत आकार बदलताना काय स्थिर धरायचं ते निवडता येतं: इन्व्हर्ट, मध्यरेषा की क्राउन (आतला माथा). पण ही निवड सॉफ्टवेअरची सेटिंग समजून करू नका, हा डिझाइनचा निर्णय आहे. खालच्या बाजूला पाइप मोठा होतो तिथे आपण साधारणपणे क्राउनला क्राउन जुळवतो, म्हणजे वरच्या लहान पाइपमध्ये पाणी तुंबत नाही. तिथे २०० नंतरच्या ३०० चा इन्व्हर्ट १०० मिलिमीटर खाली गेलाच पाहिजे. उलट आउटफॉलच्या, म्हणजे लाइन जिथे बाहेर पडते तिथल्या, चेंबरला लागणाऱ्या शेवटच्या पाइपचा इन्व्हर्ट ठरलेला असतो, तो तसूभरही हलता कामा नये. एकच सेटिंग सगळ्या जाळ्याला लावली की निम्म्या ठिकाणी चुकणारच.

व्हिस्टामध्ये ढाळाचे दोन रकाने दिसतील: एकात लाइनचं सुरुवातीचं (स्टार्ट) टोक धरून ढाळ बदलतो, दुसऱ्यात शेवटचं (एंड) टोक धरून. बहुतेक जण न बघता पहिला वापरतात आणि आउटफॉल कधी बुडाला ते कळत नाही. आउटफॉलकडून वर येत असाल तर खालचं टोक धरणारा रकाना वापरा. प्रवाहाची दिशाही तपासा. लाइन काढताना तुम्ही खालून वर क्लिक करत गेला असाल आणि दिशा स्टार्ट टू एंड ठेवली असेल, तर बाण डोंगर चढताना दिसतील. दिशा ढाळाप्रमाणे ठेवली की उलटा पडलेला पाइप बाणावरून लगेच पकडता येतो.

आउटफॉलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मला सर्वात महाग पडलेली चूक तिथलीच आहे. एका गावात जाळ्याचा सर्वे एका एजन्सीने देवळाच्या ओट्यावर टीबीएम (लेव्हलचा तात्पुरता संदर्भबिंदू) घेऊन केला होता आणि एसटीपीचा (मलशुद्धीकरण केंद्राचा) सर्वे दुसऱ्या एजन्सीने पुलाच्या कठड्यावरून. दोन्ही फाइलवर समुद्रसपाटीपासूनच्या लेव्हल असं लिहिलेलं. मी दोन्ही एका मॉडेलमध्ये आणल्या. जमीन जमिनीला जुळल्यासारखी दिसली आणि मी पुढे गेलो. दोन टीबीएममध्ये ३८ सेंटिमीटरचा फरक होता. डीजीपीएसच्या (उपग्रहाधारित सर्वेच्या) एलिप्सॉइड उंची, म्हणजे समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासूनच्या उंची, चुकून आल्या असत्या तर कित्येक दहा मीटरांचा फरक पडला असता आणि पहिल्याच दिवशी दिसला असता. ३८ सेंटिमीटर दिसत नाहीत, ते कॉन्टूरमध्ये लपतात. शेवटचा तुकडा टाकायच्या वेळी लाइन इनलेट चेंबरच्या तोंडापेक्षा ३८ सेंटिमीटर खाली येते आहे असं लक्षात आलं. ४५० व्यासाचा पाइप होता, १:२५० ढाळ. ३०० मीटर टाकलेली लाइन उकरून १:३६५ च्या ढाळाने पुन्हा टाकली. पाइपची क्षमता आणि वेग दोन्ही बसले, म्हणून पंप बसवायची वेळ आली नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर बाजारपेठेतला रस्ता दोनदा उकरला गेला. त्या दुकानदारांसमोर उभं राहिलेलो मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून दोन सर्वे एका फाइलमध्ये आणण्याआधी एका टीबीएमवरून दुसऱ्यावर ऑटो लेव्हल नेऊन परत आणतो. टीबीएम जुळवायच्या अशा लेव्हलिंगसाठी किलोमीटरमधल्या अंतराच्या वर्गमुळाला १२ ने गुणून जितके मिलिमीटर येतात तितकी चूक चालते. ४ किलोमीटरच्या फेरीला २४ मिलिमीटर. फरक त्याच्या आत आला तरच पुढचं काम.

तुमची लाइन आधीच्या जुन्या गटाराला मिळणार असेल, तर त्या मॅनहोलचा इन्व्हर्ट नगरपरिषदेच्या नकाशावरून उचलू नका. झाकण उघडून, हवा खेळू देऊन, वरूनच स्टाफ (लेव्हल मोजायची पट्टी) सोडा. कोणालाही आत उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी उतरवायचं नव्हतं. स्टाफ तळाला टेकल्यासारखा वाटतो, पण तो बहुधा गाळावर टेकलेला असतो. लोखंडी सळईने आधी टोचून बघा. मऊ लागलं तर कडक लागेपर्यंत सळई दाबा आणि फरक लिहून ठेवा. १५-२० सेंटिमीटर गाळ ही नेहमीची गोष्ट आहे. गाळाच्या वरची लेव्हल इन्व्हर्ट म्हणून मॉडेलमध्ये गेली की तुमचं आउटफॉल तेवढं उचललं जातं आणि हाताशी असलेला उतार तुम्ही विनाकारण सोडून देता.

आता खोली. तुमच्या झोनची जमीन सपाट आहे असं दिसतं. १२०० मीटरच्या लाइनला सगळीकडे १:२०० चा किमान ढाळ लावला तर पाइप ६ मीटर उतरतो. जमीन तेवढ्यात १ मीटर उतरत असेल आणि वरचं मॅनहोल १.३ मीटर खोल असेल, तर शेवटचं मॅनहोल ६.३ मीटर. यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, तुम्ही जे सांगितलं ते त्याने केलं. यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे पाइप मोठा करायचा आणि ढाळ सपाट करायचा. मला या उपायाची सर्वात जास्त काळजी वाटते, म्हणून आकडे मांडून दाखवतो.

सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २०१३ च्या मलनिस्सारण मॅन्युअलप्रमाणे सुरुवातीच्या कमाल प्रवाहाला किमान ०.६ मीटर प्रतिसेकंद आणि अंतिम कमाल प्रवाहाला ०.८ मीटर प्रतिसेकंद वेग हवा, आणि पाइप व्यासाच्या ०.८ पेक्षा जास्त भरू नये. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात, लोकसंख्या २०,००० पर्यंत असल्याने पीक फॅक्टर (कमाल प्रवाह सरासरीच्या किती पट) ३. या हिशेबाने सुमारे २,७०० लोकांच्या वस्तीचा कमाल प्रवाह सेकंदाला १० लिटर येतो. मॅनिंगचा एन (पाइपच्या खरखरीतपणाचा गुणांक) ०.०१३ धरून हा प्रवाह २०० च्या पाइपमध्ये १:२०० ढाळाने जातो तेव्हा पाइप निम्म्याहून जरा कमी भरतो आणि वेग साधारण ०.७ मिळतो. तोच प्रवाह ३०० च्या पाइपमध्ये १:४०० ने नेला तर पाइप एक तृतीयांशही भरत नाही आणि वेग ०.५४ वर येतो. एल-सेक्शन सुंदर दिसतं, खोली ३ मीटरने कमी होते, अंदाजपत्रक खुश. आणि पहिल्या उन्हाळ्यात लाइन गाळाने चोंदायला लागते. चोंदलेल्या लाइनमध्ये शेवटी कोणाला उतरवलं जातं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या माणसाचा जीव तुम्ही आज व्हिस्टाच्या रकान्यात भरत असलेल्या ढाळावर अवलंबून आहे. म्हणून पाइप मोठा करायचा तर प्रवाह मागतो म्हणून करा, खोली वाचवायला करू नका.

खोली वाचवायचे खरे उपाय वेगळे आहेत. आधी वरच्या टोकाचं मॅनहोल खरंच १.३ मीटर खोल हवं का ते बघा. सर्वात लांबच्या आणि सर्वात खालच्या जोत्याच्या घराचं इन्स्पेक्शन चेंबर कुठल्या लेव्हलला आहे, त्यावर ते ठरतं. मग झोनची हद्द. दोन गल्ल्यांचा प्रवाह शेजारच्या झोनकडे वळवता येतो का? झोन आपण नकाशावर बसून पाडलेले असतात, पाणलोट जमिनीने पाडलेला असतो, आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. त्यानंतर मुख्य लाइनचा मार्ग. नाल्याच्या काठाने नेली तर लांबी वाढते, पण जमीन आपल्यासोबत उतरते. हे सगळं करून भागलं नाही तर मध्ये पंपिंग स्टेशन. दख्खनच्या पठारावर ६ मीटर खोदाई म्हणजे वर काळी माती, मग मुरूम, मग कातळ. अरुंद रस्त्यात जुन्या घरांच्या पायालगत सुरुंग लावता येत नाही, ब्रेकरनेच फोडावं लागतं. ट्रायल पिट आणि बोअरच्या नोंदींवरून कातळाचा एक वेगळा सरफेस (थ्रीडी पृष्ठभाग) मॉडेलमध्ये तयार करा आणि प्रोफाइलवर दाखवा. पाइप कातळात किती मीटर जातो ते एका नजरेत दिसलं की पंप की खोदाई हा वाद बैठकीत पंधरा मिनिटांत मिटतो.

सरफेसवरून आठवलं. मॅनहोलचं रिम (झाकणाची लेव्हल) कोणत्या सरफेसला बांधलं आहे? रस्ता काँक्रीटचा होणार असेल आणि रिम आजच्या जमिनीला बांधलेलं असेल, तर सगळी झाकणं उद्या रस्त्याखाली जातील. सरफेस त्रिकोणांनी बनतो, त्यातले सर्वेच्या कडेचे लांबट त्रिकोणही काढून टाका. बाउंडरी न लावलेल्या सरफेसवर एखादं मॅनहोल अचानक २ मीटर उंच जातं, आणि आपण तासभर नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. कव्हरही फक्त मॅनहोलपाशी बघून सोडू नका. दोन्ही टोकांना कव्हर पुरेसं असून मध्ये ओढा गेलेला असतो. पाइपच्या प्रॉपर्टीतलं किमान कव्हर आणि प्रोफाइल, दोन्ही बघा.

पार्ट्स लिस्टच्या बाबतीत एकच सांगतो, पण ते कराच. सॉफ्टवेअरसोबत आलेल्या कॅटलॉगमधल्या पाइपची जाडी आपल्या पाइपची नसते. आयएस ४५८ प्रमाणे ६०० चा एनपी-३ वर्गाचा काँक्रीट पाइप ८५ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे बाहेरून ७७० मिलिमीटर. ४५० चा पाइप ७५ जाडीने बाहेरून ६०० भरतो. कव्हर बाहेरच्या माथ्यापासून मोजायचं आणि इन्व्हर्ट आतल्या तळाला, त्यामुळे जाडी चुकली की दोन्हींतला मेळ जातो. एचडीपीई या प्लास्टिक पाइपचं उलट आहे, तिथे नावातला आकडा बाहेरचा व्यास. २०० चा पीई-१००, पीएन-१० पाइप सुमारे १२ मिलिमीटर जाडीचा, आत उरतात १७६. क्षमता व्यासाच्या २.६७ व्या घाताने बदलते, म्हणून याला आतून २०० समजून ग्रॅव्हिटीचं गणित केलं तर जवळपास ३० टक्के क्षमता कागदावरच राहते. एकदा बसून आपल्या आयएस कोडप्रमाणे आतला व्यास आणि जाडी भरून पार्ट्स लिस्ट करा आणि ती टेम्प्लेटमध्ये ठेवा. मॅनहोलचंही तसंच: १.६५ मीटर खोलीपर्यंत ९००, २.३ पर्यंत १२००, त्यापुढे ९ मीटरपर्यंत १५०० मिलिमीटर व्यास. खोली बदलली की व्यास बदलतो आणि १५०० चं मॅनहोल गावठाणाच्या बोळात बसतं का हा पुढचा प्रश्न येतो. एका मॅनहोलमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपच्या लेव्हलमध्ये ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त उडी असेल तर तिथे ड्रॉप मॅनहोलचा पार्ट हवा, साधं मॅनहोल चालणार नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या मॉडेलमध्ये जुन्या सर्व्हिस लाइन दिसत नाहीत. नळाची लाइन, केबल, जुनी दगडी गटारं. त्या आल्याशिवाय इन्व्हर्ट पक्के म्हणू नका. जीपीआरवर (जमिनीखालचं बघणाऱ्या रडारवर) पूर्ण भिस्त ठेवू नका. ओल्या काळ्या मातीत त्याचा सिग्नल फार खोल जात नाही. लोकेटरला लोखंड आणि केबल सापडते, पीव्हीसी आणि जुने एसी (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे) पाइप सापडत नाहीत. पाणीपुरवठ्याच्या जुन्या फिटरला सोबत घेऊन गल्लीतून एक फेरी मारा. तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याही नकाशावर नसतं. त्याने दाखवलेल्या जागी ट्रायल पिट घ्या, निदान प्रत्येक मोठ्या क्रॉसिंगला. खोदण्याआधी संबंधित संस्थांना कळवायला मार्च २०२३ पासून कॉल बिफोर यू डिग अ‍ॅप आहे, ते वापरा.

या लाइन मॉडेलमध्ये आणताना प्रत्येकीला एक शेरा जोडा: उघडून मोजलेली, लोकेटरने शोधलेली, की तोंडी सांगितलेली. तिन्हींना वेगळा रंग द्या. खोली माहीत नसलेली लाइन सरळ १ मीटरवर काढून ठेवली की महिन्याभराने ती मोजलेलीच वाटायला लागते, इतरांनाच नाही तर काढणाऱ्यालाही. इंटरफिअरन्स चेकमध्ये (लाइनची एकमेकींशी टक्कर शोधणाऱ्या तपासणीत) थ्रीडी प्रॉक्सिमिटीचं, म्हणजे किती जवळ आल्या की टक्कर मानायची ते, अंतर याच शेऱ्याप्रमाणे ठेवतो. मोजलेल्या लाइनसाठी ३०० मिलिमीटर, तोंडी माहितीसाठी १ मीटर. टक्कर निघाली तिथे ट्रायल पिट. हा चेक नेटवर्क बदलल्यावर आपोआप ताजा होत नाही, पुन्हा चालवावा लागतो. दाबाच्या लाइनसकट सगळ्याच लाइन एकत्र तपासायच्या असतील तर सॉलिड (घन आकार) काढून नॅव्हिसवर्क्स या मॉडेल तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. प्रोफाइलमध्ये आडव्या जाणाऱ्या लाइन क्रॉसिंग म्हणून दाखवल्या की लंबगोल दिसतात, त्यावर बाहेरच्या माथ्याची आणि तळाची लेव्हल लिहा.

पिण्याच्या पाण्याच्या लाइनजवळ हयगय नको. गटारापासून आडवं अंतर ३ मीटर. गावठाणात अख्खी गल्लीच ३ मीटरची असते, तिथे पाण्याच्या पाइपचा तळ गटाराच्या माथ्यापेक्षा निदान ०.५ मीटर वर आणि चर वेगळा. नळाचा दाब रात्री शून्यावर येतो त्या गावात गळक्या जोडातून आत काय ओढलं जातं ते कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथीत दिसतं.

मोजमापाचा मुद्दा. मॉडेल लांबी दोन तऱ्हेने देतं, मॅनहोलच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत आणि आतल्या कडेपासून कडेपर्यंत. ४ किलोमीटरमध्ये ३० मीटरला एक याप्रमाणे साधारण १३३ मॅनहोल. व्यास १.२ मीटर धरला तर दोन लांबींमध्ये १६० मीटरचा फरक येतो. हायड्रॉलिक शीटला केंद्र ते केंद्र, पाइपच्या बिलाला कडेपासून कडेपर्यंत. तुमच्या शीटमध्ये आणि एल-सेक्शनमध्ये ढाळ सारखा असूनही खालचा इन्व्हर्ट थोडा वेगळा येत असेल, तर बहुधा एका ठिकाणी एक लांबी आणि दुसरीकडे दुसरी वापरली आहे. आधी तेच तपासा.

क्रम असा ठेवा. आजची फाइल जशी आहे तशी वेगळ्या नावाने जपून ठेवा. रिकामा नियमसंच लावा, नंबर जुळवा, व्हिस्टामधले इन्व्हर्ट एक्सेलमध्ये उतरवून शीटच्या शेजारी ठेवा आणि ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरकाच्या ओळी रंगवा. माझ्या अंदाजाने त्या पंधरा-वीसच निघतील आणि बहुतेक व्यास बदलतो त्या मॅनहोलपाशी असतील. तेवढ्याच दुरुस्त करा. ती रंगवलेली शीट वरिष्ठांना दाखवा, पुसायचा विषय ते स्वतःच सोडून देतील. खोलीच्या प्रश्नाला मात्र अजून हात लावू नका. आधी शेवटच्या मॅनहोलचा आणि एसटीपीच्या इनलेट चेंबरचा इन्व्हर्ट एकाच टीबीएमवरून घेऊन मला कळवा. ढाळ त्यानंतर बघू.